पस्तीस टक्के, म्हणजे पास

५ जानेवारी, सोमवार
तळेगावला हार्टच्या डॉक्टरांकडे. माझं पंपिंग पस्तीस टक्के. म्हणजे पास. हिचं तीस. बिचारी काठावर नापास.
डॉक्टर म्हणाले, हार्ट फेल्युअरवाल्यांची स्मरणशक्तीही कमी होत जाते, पण सगळ्यांची सारखी नाही. वय, शिक्षण, बाई की पुरुष, यानं काय फरक पडतो ते तपासतायत. १९ तारखेला आमचीही टेस्ट. आमची चिंचवडची मुलगी प्रेरणा तिथंच म्हणाली, ज्याचं डोकं शाबूत निघेल त्याच्याकडे दोघांच्या गोळ्यांचा डबा.
डबा सध्या माझ्याकडे. राहणारच. मी बी.कॉम., देहूरोड डेपोतला रिटायर्ड स्टोअरकीपर. ही चौथी पास.

६ जानेवारी
संकल्प: हिचा मेंदू वाचवायचा. रोज प्रश्नोत्तरं.
पहिला प्रश्न, माझं नाव काय? ही पदराआड हसली. म्हणाली, "अवो, तुमचं नाव कसं घिऊ?"
विसरली. लाजणं हा बहाणा. फार वाईट वाटलं.

८ जानेवारी, सकाळ
लघवीची गोळी घेतली.

थोड्या वेळानं
घेतली का? सेफ्टी म्हणून घेतली.

संध्याकाळ
मळवलीला डेपोतल्या भिकाजीच्या मुलीचा साखरपुडा. पंगतीतून सारखा उठत होतो. लोकांना वाटलं, वाढप्यांवर देखरेख करतोय. चांगलं इम्प्रेशन पडलं. हिला मात्र संशय आलाय.

१५ जानेवारी
शेजारच्या नंदाबाईंकडे संक्रांतीचं हळदीकुंकू. तिथं हिनं माझं नाव घेतलं म्हणे. नंदाबाई मुद्दाम उखाणा ऐकवायला आल्या:
"भातात नाही मीठ, चहात नाही साखर,
रखमाजीराव डबा लपवतात नि शोधतात घरभर."
उखाणे पाठ असतात. त्यात मेंदूचा संबंध येत नाही. शिवाय मी डबा लपवत नाही, सुरक्षित ठेवतो. आज कुठं सुरक्षित ठेवलाय ते आठवलं की झालं.

१६ जानेवारी
डबा पिठाच्या डब्यात सापडला. हिनंच ठेवला असणार. विसरली असेल.

१९ जानेवारी, सोमवार
टेस्ट. ही आधी आत जाऊन हसत बाहेर आली. काही कळलं नसेल.
मग मी. वार, तारीख, शंभरातून सात वजा, सगळं फटाफट. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, बायकोचं नाव?
मी म्हटलं, आमच्या पिढीत 'अगं' म्हणतात. ते म्हणाले, आधार कार्डावर काय आहे? मी म्हटलं, बायकांना माहेरचं एक, सासरचं एक, अशी दोन नावं. प्रश्नच संदिग्ध आहे. मग त्यांनी दोन्ही विचारली. पोर्शनबाहेरचा पेपर.
डबा हिच्याकडे गेला. प्रेरणा येताना गाडीत डोळे पुसत होती. एसीमुळे असेल.

संध्याकाळ
ही ताटात तांदूळ पसरून समोर बसली. लग्नात हिचं नवं नाव मीच असं तांदळात लिहिलं होतं. म्हणाली, "लिवा."
बोट टेकवलं. पुढं जाईना. घाबरलो. खरंच फार घाबरलो. हिनं माझं बोट धरलं आणि एकेक अक्षर गिरवून घेतलं. मग तेच तांदूळ धुऊन भाताला टाकले.
मंगल.
इथं लिहून ठेवतोय. उद्या हिला विसरायला झालं, तर सांगणारं घरात कुणीतरी हवं.