ज्वारीच्या पानातला गुलाबी रंग

प्रिय अक्का,

काल तुझ्या संशोधन केंद्रातले साहेब सोलापूरहून वळसंगला आले आणि तुझ्या ज्वारीचं संकरित बी देऊन गेले. ही बातमी तुला द्यायची नाही तर कुणाला? म्हणून लिहितोय.

बहात्तरच्या दुष्काळानंतर तू हे मनावर घेतलंस. सकाळी आपल्या रानातली पानं खुडायचीस, थर्मासात बर्फावर ठेवायचीस आणि एसटी गाठायचीस. अव्वा म्हणायची, "तापाच्या माणसागत पानाला बर्फ कशाला गं?"

तू मला समजावलंस. पानात एक एन्झाइम असतं. मुळांनी ओढलेल्या नत्राचं अन्न करायला तेच सुरुवात करतं. पाणी तुटलं की ते ढेपाळतं. ते कामात असेल तर नळीतल्या औषधात गुलाबी रंग चढतो. "ओल गेल्यावरही ज्याचा रंग उतरत नाही, ते झाड मला पाहिजे," तू म्हणालीस.

त्या रब्बीत पीक पोटरीत, कणीस बाहेर पडायच्या आतच ओल संपली. अप्पा सगळंच वैरणीला कापायला निघाले. तू एका ओळीपुढं उभी राहिलीस.

"अप्पा, एवढी ओळ ठेवा."

"ती काय येगळी हाय? समदीच वाळली की. गुरांनी काय खायचं?"

"वरनं वाळलीय. आतलं काम चालू हाय."

अप्पा विळा घेऊन तसेच माघारी फिरले. त्याच आठवड्यात तुला काविळीनं दवाखान्यात नेलं, ती तू परत आलीच नाहीस. अंगात ताप घेऊन रानात हिंडत होतीस, मला तरी सांगायचंस ना?

तुला माती दिली आणि दुसऱ्या दिवशी अप्पा विळा घेऊन गेले. सगळं रान कापलं, ती ओळ तेवढी उभी. मी विचारलं, तर म्हणाले, "तिनं ठेवा म्हणलं की." नंतर स्वतः गोफण घेऊन पाखरं राखत बसले.

कणसं आली. लहान, पण भरलेली. सगळी नाही हं! गुलाबी रंग देणारी काही झाडंही पोचट निघाली. साहेब म्हणतात, एका एन्झाइमवर झाड तगत नाही, मुळं किती खोल जातात तेही बघावं लागतं. तू वाद घातला असतास.

अव्वानं त्या दाण्यांची भाकरी केली. थापतानाच चिरत होती. अप्पांनी खाल्ली आणि म्हणाले, "दुष्काळात चालंल. सुकाळात कोण खाणार?" ते ऐकून साहेबांनी तुझ्या ज्वारीचा भाकरीला नावाजलेल्या आपल्या मालदांडीशी संकर केला. तुझ्या झाडाचा चिवटपणा आणि आपली भाकरी, दोन्ही एका ताटात यावं म्हणून.

काल दिलेलं बी त्या संकराच्या दुसऱ्या पिढीचं, म्हणून त्यातून नाना तऱ्हेची रोपं उगवतील. पानं मी खुडणार आहे. साहेबांनी रीत शिकवलीय.

अक्का, एवढा शब्द देतो. जे झाड मरेल, ते मेलं असंच मी सांगेन. तुझी आठवण म्हणून एकाही रोपाला चोरून पाणी घालणार नाही.

तुझा धाकटा भाऊ,
मल्लू