वॉरंटवरची मंगल

१० मार्च, सोमवार
कर्नाटकचे पोलीस वडवणीत आले. माझ्या नावाचं वॉरंट. ट्रॅक्टरचोरी म्हणे! तिकडं उसाच्या फडात बापूला, माझ्या धाकट्या दिराला, साप चावला. मालक ट्रॅक्टर देईना. मी घेतला. बापूला दवाखान्यात घातलं, ट्रॅक्टर परत नेऊन मालकाच्या फाटकाशी लावला, चावी त्याच्या वॉचमनच्या हातात दिली. ही चोरी?
सोबत बाई शिपाई नव्हती. म्हटलं, "बाई आणा, मग न्या." गेले हात हलवीत.

११ मार्च
वकिलांकडे. चोरी झाली की नाही, हे इथलं कोर्ट बघतच नाही म्हणे. ते तिकडच्या कोर्टात. इथं एवढंच, कागदावरची बाई ती हीच का. म्हणजे माझी बाजू इथं कुणी ऐकणारच नाही! डोकं फिरलं.
मग वकील हसले. वॉरंटवर 'मंगल, बापूची बायको' आहे. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. विधवेला एकटीला कोण घेतो? बापूची खरी बायको, माझी जाऊ, यंदा घरी राहिली, म्हणून मुकादमानं मला बापूची बायको लिहून कोयता पुरा केला. तेच पोलिसांत गेलं. "ती मी नव्हे म्हणा. बहुतेक सुटाल."
घरी बापू काठी टेकत आला. "वहिनी, खोटं थोडंच हाय? तुमी माझी बायको न्हाईच की."
जाऊबाई चुलीपासून ओरडली, "न्हाईच! ठासून सांगा!"
हसू आलं. पण मग ट्रॅक्टर नेला कुणी?

१३ मार्च
कोर्ट. सकाळी पोलीस परत न्यायला आले, या वेळी बाई शिपाई होती. जजसाहेब म्हणाले, "बापूची बायको मंगल, ती तुम्हीच?" वकील डोळ्यांनी खुणावत होते.
"बायको नाही, साहेब. भावजय. पण ट्रॅक्टर मीच नेला. उद्या परत साप चावला तर परत नेईन."
वकिलांनी कपाळावर हात मारला. तीन दिवसांत तिकडच्या कोर्टात हजर करा, असा हुकूम.
भीती वाटते. लई वाटते. पण केलं ते मी केलं, आणि बरं केलं.

१४ मार्च
ठाण्यात बसून लिहिते. जीप तयार आहे. हुकमात नवऱ्याचं नाव नीट लिहिलंय, ज्ञानोबा. मेल्यावर पाच वर्षांनी कागदावर परत माझा झाला.
बापू पिशवी घेऊन हजर. तिकडचे फौजदार म्हणाले, "जीपमध्ये जागा नाही. तू कोण?"
बापूनं सुजलेला पाय पुढं केला. "साप मला चावला. साक्ष देनार हाय."
एसटीनं निघालाय. दोनदा गाडी बदलायची, त्यात तो पाय. वेळेवर पोचतो की नाही... हाक आली, निघते.