पायऱ्यांना गुण नाहीत

४ फेब्रुवारी

चि. भुंग्यास,
आत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू तिकडे विद्यापीठात वेळेवर जेवतोस हे तुझ्या आईने माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. तरी तिचा विश्वास बसलेला नाही.

आता माझी बातमी. दोन वर्षांपूर्वी जी प्रवेश परीक्षा देऊन तू एम.एस्सी.ला गेलास, तिचाच अर्ज मी भरला आहे. पोटभर हसून घे, मग पुढे वाच. शाळेने दोन वर्षांची अभ्यासरजा कबूल केली आहे, पण यंदा प्रवेश मिळाला तरच. पुढच्या वर्षी माझं वय त्या नियमात बसत नाही. बी.एस्सी.नंतर शिकायचं राहिलं ते राहूनच गेलं, आणि वर्गात फळ्यासमोर उभी असताना ते मला अजून खुपतं. तेव्हा जे काय ते यंदाच.

रविवारी सराव परीक्षा दिली. सोडवलेलं एकूण एक बरोबर, तरी नापास! निम्मे प्रश्न वाचूनसुद्धा झाले नव्हते. माझं कच्चं काम सोबत पाठवते आहे. वेळ कुठे जातो तेवढं बघ.

लोभ आहेच, तो वाढव. कमी केलास तर कान पिळीन.

तुझी आत्या

---

१३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
भुंग्याचा सा. न. वि. वि.

तुझं कच्चं काम बघितलं आणि हसता हसता मला ठसका लागला. समास आखलाय! प्रत्येक गणिताला ‘समजा’, मग ‘म्हणून’, मग ‘दिलेल्या अटीवरून’, आणि उत्तराखाली दुहेरी रेघ. अगं, हे वाचणार कोण? तू कुठला पर्याय निवडलास एवढंच तो संगणक बघतो. पायऱ्यांना तिथे गुण नाहीत. सातवीत माझं उत्तर बरोबर असूनही तू अर्धा गुण कापला होतास. आता तुझी तूच अडकली आहेस, आणि मला फार मजा येते आहे.

पण अर्ज भरलास ते झकास केलंस. आता ऐक. उत्तर काढत बसू नकोस. चारांतले जे शक्यच नाहीत ते आधी उडव. अडलं की सोड आणि पुढे हो.

आईला सांग, आज दोनदा जेवलो.

तुझा आशीर्वाद मागणारा,
भुंगा

---

९ मार्च

चि. भुंग्यास अनेक आशीर्वाद.

तू सांगितलंस ती मला शुद्ध लबाडी वाटली. पर्याय उडवायचे म्हणजे काय, गोट्या आहेत का? तरी करून बघितलं. हात ऐकत नाही, पेन्सिल धरली की आपोआप ‘समजा’ उमटतं. शेवटी मी नववीच्या वर्गाला कामाला लावलं. मधल्या सुट्टीत ते मला प्रश्न घालतात, आणि मी खडू उचलला की बाकं वाजवतात. मुख्याध्यापिका दोनदा येऊन गेल्या. मुलं इतकी खूश आहेत की डबे खायचं विसरतात.

परवा एका प्रश्नात उत्तर धन आणि सम संख्या येणार हे उघड होतं. दोन पर्याय विषम, तिसरा शून्याच्याही खाली. चौथ्यावर बोट ठेवलं आणि मी थबकले. अरे, बाकीचे तीन का नाहीत हे दाखवणं हीसुद्धा सिद्धताच की! ही लबाडी नव्हे. एवढी साधी गोष्ट तू मला नीट समजावून का सांगितली नाहीस?

तुझ्यावर रागावलेली, तरी तुझीच,
आत्या

---

२८ एप्रिल

चि. भुंग्यास अनेक आशीर्वाद.

काल परीक्षा झाली. माझ्या शेजारच्या मुलीने मला पर्यवेक्षक समजून घड्याळ कुठे लावलंय ते विचारलं. मी सगळे प्रश्न बघितले, आणि जिथे अडले तिथून पुढे सरकले. एक भूमितीचा प्रश्न इतका देखणा होता की सोडताना जीव तुटला. पण सोडला. निकाल काय लागायचा तो लागो, वेळ पुरला नाही असं आता मला म्हणता येणार नाही.

तुझी आत्या

---

१९ जून

ती. आत्यास सा. न.

विभागाच्या फलकावर यादी लागली. तुझा क्रमांक शेवटून तिसरा. मी तीनदा बोट ठेवून बघितला. आत्या, तू आत आहेस! माझी नोकरी पुढच्या आठवड्यात सुरू होते, त्यामुळे तू येशील तेव्हा मी इथे नसेन. त्याचंच तेवढं वाईट वाटतंय. पहिल्या दिवसाचं सगळं लिही.

भुंगा

---

२ ऑगस्ट

चि. भुंग्यास अनेक आशीर्वाद.

काल पहिला तास होता. मी दारातून आत गेले तशी सगळी मुलं खाड्कन उभी राहिली. मीही सवयीने हातानेच बसा म्हटलं, आणि ती बसली! मग दुसऱ्या बाकावर जागा होती तिथे जाऊन मी बसले. शेजारची मुलगी माझ्याकडे बघतच राहिली.

तेवढ्यात खरेखुरे सर आले. तुझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे असतील. वर्ग पुन्हा उभा राहिला, आणि मुलांबरोबर मीही उठले. इतक्या वर्षांत वर्गात कुणासाठी उभी राहिले नव्हते रे. मला इतका आनंद झाला की सगळे खाली बसले तरी मी उभीच होते.

आत्या