चौकशी करू नये

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे कागदावर, कंबर अजून धरलेलीच आहे.) तुझा गुडघा काय म्हणतो? भाऊजींचा खोकला? (औषध पितात की बेसिनमध्ये ओततात, एकदा लपून बघ. बाटली फार लवकर संपते.) फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. तू फोन स्पीकरवर टाकून भांडी घासतेस आणि सगळं घर ऐकतं, म्हणून.

तर सरकारने नशेविरुद्ध नवं राष्ट्रीय धोरण आणलंय. नुसतं पकडून भागत नाही, निदान माणूस जिवंत राहावा, त्याला रोग लागू नये, असा विचार. त्यासाठी निवडक औषधाच्या दुकानांतून कोऱ्या सुया फुकट, आणि नशा जास्त होऊन श्वास थांबला तर नाकात मारायचा स्प्रे. निवडकांत आमचं दुकान. (कुणी निवडलं ते सांगत नाहीत. मला समोरच्या चष्मेवाल्याचा संशय आहे.) बाजूच्या बोळात धुरकट काचेची खिडकी पाडली. फटीतून हात येतो, पेटीत चिठ्ठी टाकतो, पुडकं उचलून जातो. चिठ्ठीवर नाव नाही. आईच्या नावाचं पहिलं अक्षर आणि दाखल्यावरची जन्मतारीख, बस्स. वर भिंतीवर पाटी: चौकशी करू नये. ताई, ही पाटी माझ्या दुकानात! साधी खोकल्याची गोळी मागितली तरी कोरडा की ओला, कधीपासून, घरात आणखी कोण खोकतं, हे विचारल्याशिवाय मी कुणाला सोडत नाही. मला इथे फौजदार उगाच म्हणत नाहीत.

चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर मी ‘संशयित’ असं लिहिलं होतं. प्रशिक्षणाच्या बाईंनी ते खोडून ‘लाभार्थी’ लिहिलं. मला तर बाईंचाच संशय. पेटीत कॅमेरा असणार म्हणून मी ती उघडली, तर आत छापील कागद: पेटी उघडू नये. (म्हणजे मी उघडणार हे त्यांना आधीच माहीत. कसं?) मग मी हातांवरून माणसं ओळखायला लागलो. एका नीट नखं कापलेल्या हाताला जोरात खाकरून दम दिला, तर तो तपासणीला आलेला साहेब निघाला.

गेल्या मंगळवारी बाई चिठ्ठ्या चाळताना हसल्या. एकीवर तारीख होती एकतीस जून. अशी तारीखच नसते, चिठ्ठी खोटी, टाकून द्या, म्हणाल्या. मला हसू आलं नाही. ती तारीख जगात एकाच दाखल्यावर आहे आणि ती मी घातलेली आहे. तू तापाने पडली होतीस, शाळेत नाव घालायला मी गेलो, महिन्याचा शेवट एवढंच आठवत होतं, दिली ठोकून. हेडमास्तरांनीही घेतली लिहून. तेव्हा माझं बोट धरून कोण उभं होतं, ते तूच आठव. कोण आलं हे बाहेर सांगणार नाही अशी मी सही केली आहे, तेव्हा मी काहीही सांगत नाही.

पण खोटीच तारीख लिहायची तर खऱ्या तीनशे पासष्ट मोकळ्या होत्या. दोन बस बदलून, वाटेतली दुकानं सोडून, माझ्याच खिडकीशी येऊन तीच लिहायची, यात मला डाव दिसतो. मला कळावं, हा डाव. आणि तो हात मी ओळखला नाही, ताई. सगळ्या गावावर संशय घेतला, घरच्या माणसाकडे नीट पाहिलं नाही. फार वाईट वाटतंय.

बाकी सगळं ठीक.

तुझा धाकटा
(सही मुद्दाम वाचता येणार नाही अशी केली आहे.)

ता. क. सोबतच्या पुडक्यात गुडघ्याचं मलम आहे. मलमाखाली आहे तो स्प्रे. कुलपात ठेवू नकोस, हाताशी ठेव. भाऊजींनी विचारलं तर नाकाचं औषध म्हण. ते खोटं नाही.

आणखी एक. आरडाओरडा नको, खोलीची झडती नको. रविवारी माळ्यावरची खोकी उतरवायला मला माणूस हवा आहे, त्याला पाठव. (कुणाला, ते मी लिहिलेलं नाही.) मी काही विचारणार नाही. तशी पाटीच आहे.

शेवटचं. वाचून झालं की हे पत्र फाडून टाक. थांब, फाडू नकोस. श्वास थांबला तर काय काय करायचं, ते मागच्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे.