मनकर्णाआत्याची साक्ष

आष्टी, जि. वर्धा
दि. १८ ऑगस्ट २००३

चि. कैलास यास अण्णांचे अनेक आशीर्वाद.

आम्ही सर्व खुशाल आहोत असे लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरे म्हणजे वीट आला आहे. सूनबाईला आणि रुचिकाला तुझ्याकडे कॅनडात येता यावे म्हणून त्या ऑफिसात कागद देऊन दीड वर्ष होत आले आणि उत्तर एकच, सुरक्षा चौकशी चालू आहे. वर्षालीचा आजवरचा मोठ्यात मोठा गुन्हा म्हणजे एकदा तुझ्या आईच्या वरणात दुसऱ्यांदा मीठ घातले. त्याची चौकशी एवढी लांबते होय?

रुचिका तू गेल्यावर जन्मली. बाबा कुठे म्हणून विचारले की चौकातल्या एसटीडीच्या बूथकडे बोट दाखवते. लोक हसतात. मला हसू येत नाही.

तुझी मनकर्णाआत्या ठणठणीत आहे. परवा तालुक्याची जीप येऊन तिला घेऊन गेली. बेचाळीस साली तुरुंगात गेलेल्या कवडूजींची, म्हणजे तुझ्या आजोबांची, लेक म्हणून स्टेजवर बसवून शाल दिली. शाल टोचते म्हणते. बाकी दिवसभर ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची उलटतपासणी घेते. त्या ऑफिसाने हिला नोकरीला ठेवले असते तर तुझे काम एका दुपारी उरकले असते.

थंडीत डोके झाकत जा. पत्रातून माया पाठवायची ही पाळी लवकर संपो.
तुझा अण्णा


टोरांटो
दि. ९ नोव्हेंबर २००३

तीर्थरूप अण्णांस कैलासचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

अखेर फोनवर एक जिवंत माणूस सापडला. त्याने जे सांगितले ते बसून वाचा. आपल्याकडून पोलीस पडताळणीचा शेरा आला आहे की वर्षाली नावाची बाई त्या पत्त्यावर राहत नाही आणि शेजारीपाजारी तिला कोणी ओळखत नाही.

आधी हसलो, मग किळस आली. रुचिकाच्याही नावाने फॉर्म भरून घेतला होता, तिने कधी सशस्त्र टोळीत काम केले आहे काय. मी नाही असे लिहिले आणि खाली सही केली. आता तिची आईच जगात नाही असे ही माणसे म्हणतात. शेरा कोणी दिला, तेवढा शोध घ्या. आईस नमस्कार, आत्याला दंडवत.

इकडे सगळे गरम आहे, फक्त घर सोडून. आपला लोभ तेवढा इथवर पोचू द्या.
आपला कैलास


आष्टी
दि. २० जानेवारी २००४

चि. कैलास यास आशीर्वाद.

ज्याला वर्षभर शिव्या दिल्या तो चोर घरातच निघाला. मागल्या चैत्रात आम्ही सगळे संत्र्याच्या बगिच्यात होतो तेव्हा साध्या कपड्यातला पोलीस येऊन गेला. ओट्यावर आत्या. तिने सांगितले, वर्षाली कोण, मले माहीत नाई. त्याने समोरच्या कांताला विचारले. आत्या तिच्याकडे डोळे वटारून बघत होती, तेव्हा कांतालाही माहीत नाही.

मी जाब विचारला तर ही तोऱ्यातच. म्हणाली, आईने शिकवलं तेच केलं. बेचाळीसात बाबांना धरायला पोलीस आले तेव्हा आमच्या आईने मार खाल्ला, पण माहीत नाही याशिवाय शब्द काढला नाही. आत्या तेव्हा आठ वर्षांची, आईच्या लुगड्यामागे उभी होती.

पुन्हा अर्ज केला. परवा तोच माणूस परत आला. या वेळी मी आत्याला पढवून ठेवले होते की सगळे खरे सांग. तिने सांगितले. सगळेच. हे तुरुंगात गेलेल्या कवडूजींचे घर आहे हेही छाती पुढे काढून सांगितले. त्याने लिहून घेतले, चहा प्यायला आणि गेला. आता अडचण राहिली नाही असे वाटते.

उरलेला राग तुझ्या आईने दिलेल्या तिळगुळाबरोबर गिळला. तूही गोड मानून घे.
अण्णा


टोरांटो
दि. ३० मे २००४

तीर्थरूप अण्णांस सा. नमस्कार.

अडचण राहिली आहे. कुटुंबातील कवडूजी नामक इसमास दंगलीबद्दल शिक्षा झालेली आहे असा नवा शेरा आला. खुलासा मागितला आहे आणि चौकशी पहिल्यापासून सुरू. ज्या सरकारची जीप आत्याला न्यायला येते, त्याच सरकारचा हा कागद. थुंकावेसे वाटते, पण कोणावर थुंकू ते कळत नाही.

इथला एजंट म्हणतो, एवढे लिहून द्या की हा कवडूजी आमचा कोणी नाही, नामसाधर्म्य आहे. दोन महिन्यांत दोघी इकडे. नाहीतर किती वर्षे, तो सांगू शकत नाही. कागद टेबलावर आहे. त्याच्याकडे पाहून शिसारी येते, मग रुचिकाचे ते बूथकडचे बोट डोळ्यांपुढे येते. अण्णा, खरे सांगतो, मी बहुतेक सही करीन.

रागावलात तरी परके करू नका.
कैलास


आष्टी
दि. १६ जून २००४

कैलासले मनकर्णाआत्याचा आशीर्वाद.

मी सांगून राह्यली न् सूनबाई लिहून राह्यली. तुह्या बापानं तुह्यं पत्र वाचलं तवापासून तो कोनाशी बोलत नाई. म्हनून मी सांगतो. सही करजो. आमी माहीत नाई म्हनत होतो ते आपला मानूस घरी राहावा म्हनून. तुले तुही पोर भेटाले पायजे, मंग त्याच्यात बाबायले काऊन विचारतं? ते असते तर त्यायनंच तुह्या हातात पेन देल्ला असता. मले खरं बोलाले लावलं तुमीच, मले त्याची सवय नव्हती.

तुह्यं लिहिनं खोटं पडू नाई म्हनून मी ठरवलं हाये. आता ऑगस्टात जीप आली न् कवडूजीची पोरगी कुठं हाये म्हनून पुसलं, तं सांगीन, कवडूजी कोन, मी नाई वयखत.

जीव लावला हाये, तो तसाच राहू देजो.
मनकर्णा

ता. क. आत्याबाई बोलल्या ते जसेच्या तसे लिहिले. शेवटची ओळ सांगून त्या उठून आत गेल्या, अजून बाहेर आल्या नाहीत. दुपारी जेवल्याही नाहीत.

तुम्ही सही करू नका. या घरातल्या एकीला बाप नाही म्हणायला लावून मी दुसरीला बापाकडे आणणार नाही. मला त्या ऑफिसचा, त्या देशाचा आणि या वाट बघण्याचाही वीट आला आहे. तुम्हीच या. आल्यावर आधी ओट्यावर थांबा. आत्याबाई विचारतील कोण म्हणून. त्यांना पूर्ण नाव सांगा, आजोबांच्या नावासकट.

तुमची वर्षाली