सापसुरळीची शेपटी

माय, आज सकाळी इथं लाखनी गावी, माझ्या घरी, मागच्या पायरीवर सापसुरळी आली. मी झाडू धरून उभी राहिले. तिचं ऊन घेऊन झाल्याशिवाय झाडायचं नाही, हा तुझा नियम. चिंचेनं घासलेल्या पितळेसारखी पाठ, डोळ्यापासून कुशीवर गेलेली फिकट रेघ, अंगापेक्षा लांब शेपटी. पाय इतके आखूड की आधी दिसतच नाहीत. थोडी सरकते, थांबते, पुन्हा सरकते. पायरीखालून तिनं एक झुरळ ओढून काढलं, झटकलं, गिळलं. मागून तू "थांब वं" म्हणशील असं वाटत राहिलं. ती गेली तरी मी झाडलं नाही.

कोंढ्याला आपल्या न्हाणीच्या दगडावर अशीच एक यायची, धानाच्या वाळल्या तणसाच्या ढिगातून. शेजारची काकू म्हणायची, "सापाची मावशी होय थे. चावली तं पाणी मांगू देत नाही." तू चुलीपासून हसायचीस. "माह्या घरचे झुरळं खाते, रातकिडे खाते. अन् पापणी मिटते, पाह्य न. साप मिटते का कधी?" मला मात्र काकूचंच खरं वाटायचं. तू धान कापायला गेलीस त्या दिवशी मी चुलीचं लाकूड तिच्यावर घातलं. ती तणसात पळाली. शेपटी दगडावर एकटीच वळवळत राहिली, मग थांबली. तू आलीस.

"कोणं मारलं वं?"

"मांजरीनं."

तू शेपटी तळहातावर घेतलीस. "मांजर शेपटी सोडते का?" एवढंच म्हणालीस.

त्याच आठवड्यात मामा आला. तुमसरच्या राईस मिलमध्ये हमाली करायचा. "बाई, मिलमंधी लय उंदरं झाले. एखादी मांजर दे न." तू आपली मांजर पोत्यात घातलीस. तू तिला बोटानं दूध पाजून वाढवलं होतंस. ती आतून ओरडते आहे, तू सुतळी हातात धरून माझ्याकडे बघते आहेस.

"बांधू?"

"बांध."

सापसुरळी पुढं परत आली. नवी शेपटी आखूड होती, रंगानं मळकी. तू तिला रोज बघायचीस. मांजर पुन्हा कधी पाळली नाहीस.

तुला अक्षर येत नव्हतं. मामाची पत्रं मी चुलीपाशी बसून मोठ्यानं वाचायची. एका पत्रात त्यानं लिहिलं होतं की मांजर मिलमधून निघून गेली, कुठं दिसत नाही. ती ओळ मी वाचली नाही. तू विचारलंस, "मांजरीचं काही नाही लिवलं?" मी म्हटलं, नाही.

तू असतीस तर हे पत्रही तुला मलाच वाचून दाखवावं लागलं असतं. म्हणून आत्ता, घरात कोणी नसताना, स्वयंपाकघरात बसून मोठ्यानं वाचून पाहिलं. आवाज नीट लागला. फक्त चुलीच्या लाकडाची ओळ आली तेव्हा ती मी गाळली.