हवा कोंबायचं यंत्र

४ मार्च

खोकं आलं. मला वाटलं, नवीन शेगडी. दोन माणसांनी धापा टाकत गॅरेजमध्ये नेऊन ठेवलं. जावई म्हणाला, "बाबा, हात लावू नका." मी कशाला लावतोय हात! पण आत काय आहे ते सांगायला काय जातं? जेवताना विचारलं तर "सुपरचार्जर". बस्स. पुन्हा ताटात डोकं.

गाडीसाठीच असणार. पण गाडीला काय धाड भरली आहे? रोज याला कामावर नेते, परत आणते. कधी कुरकुर नाही.

५ मार्च

शेजारीण कुंपणावरून, "काय आजोबा, जावईबापू विमान करतायत वाटतं?" मी हसलो. हसण्यासारखं काही नव्हतं.

आज थोडं कळलं. इंजिन हवा आपली आपण आत ओढतं. हे यंत्र इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणार आणि हवा जबरदस्तीने आत कोंबणार. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त जोर. म्हणजे पोट भरलेल्या माणसाला आग्रह! मी विचारलं, "इंजिन फुटलं तर?" म्हणाला, "नीट केलं तर फुटत नाही." आणि नीट नाही झालं तर? ते विचारलं नाही. त्याचा चेहरा पाहिला आणि चहा टाकायला उठलो.

काळजीत पडलो आहे. इतका जोर कशाला हवाय याला? लांब कुठे जायचंय का? माझी मुलगी भिंगरी होती तोवर हे तिचं घर होतं. आता जावयाचं. तो "जा" म्हणत नाही, "राहा" असंही म्हणत नाही. घरात आम्ही दोघं आणि एक फ्रिज. सगळ्यात जास्त बोलतो तो फ्रिज.

तो गेला तर मी कुठे जाऊ? आणि वेगाच्या नादात त्याचंच काही झालं तर? त्याच्याशिवाय माझं कोणी उरलेलं नाही. हे त्याला कसं सांगणार? जावयाला असं कोणी सांगतं का?

८ मार्च

रविवार. सकाळीच गाडीचं तोंड काढून ठेवलं. पुढचा बंपर भिंतीला टेकवलाय, दात काढून वाटीत ठेवावेत तसा. गाडीकडे बघवत नाही. पाणी काढलं, नळ्या काढल्या, बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत.

मी म्हटलं, "एखाद्या मेकॅनिककडे द्यायची होती." "मलाच करायचंय."

मला बॅटरी धरायला दिली. धरली. "बाबा, उजेड हलतोय." हात हलतात तर उजेड हलणारच! वयाचा दोष. नंतर बॅटरी एका फळीला बांधली त्याने. मी स्टुलावर बसून राहिलो. उठून घरात गेलो तरी चाललं असतं, पण घरात काय आहे?

९ मार्च

बसने गेला. डबा ओट्यावरच विसरला.

१२ मार्च

यंत्राचं ब्रॅकेट बसत नाही. भोकं जुळेनात. जावई गाडीखालून असं काही बोलला की मी खोकून घेतलं, म्हणजे मी इथे आहे हे त्याच्या लक्षात यावं.

मग पट्टा आला हातात. माझ्या जिवात जरा जीव आला! सगळा जन्म पिठाच्या गिरणीत गेला माझा. शाळा सहावीला सुटली आणि पट्ट्याशी गाठ पडली. पट्टा किती ताणायचा, कधी ओरडतो, कधी तुटणार, हे मला झोपेत कळतं. मी सांगितलं, "थोडा सैल ठेवा, नाहीतर बेअरिंग खाईल." त्याने एक छोटी चाकी दाखवली. स्प्रिंगवर आहे, पट्टा आपोआप ताणला जातो. मला काही सांगायचं उरलंच नाही. म्हणालो, "वा, सोयीचं आहे."

भिंगरी लहान असताना गिरणीत पट्ट्याकडे बघून स्वतःभोवती गिरक्या घ्यायची. चक्कर येऊन पिठात पडायची. नाव तिथलंच. जावयाला माहीत असेल का?

१४ मार्च

जावई कामावर. गॅरेजचं दार सताड उघडं, आणि गाडीच्या पोटात जाणाऱ्या हवेच्या नळीचं तोंडही उघडं! वाटीएवढं. धूळ, उंदीर, पाल, काहीही जाईल. गिरणीत मालकाचा एकच नियम होता. संध्याकाळी निघताना उघडं तोंड ठेवायचं नाही. जात्याचं असो, पोत्याचं असो, बोळा कोंबायचा. मालकाने उंदराचं पीठ एकदा पाहिलं होतं, तेव्हापासून.

माझ्या जुन्या बनियनचा अर्धा तुकडा घट्ट कोंबला. जिवाला बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिलं उपयोगाचं काम.

१७ मार्च

यंत्र बसलं. नळ्याही बसल्या. आज पहिल्यांदा जावई जेवायला बसताना शीळ घालत होता. अर्धवटच. मग आठवण झाल्यासारखी थांबवली.

बंपर उद्या, म्हणाला. रविवारी गाडी सुरू करणार.

मी भांडी घासत होतो. हातात घासणी, आणि ती ताटावरच थांबली. बनियन!

काढली होती का मी?

१८ मार्च

आठवत नाही. आठवतच नाही! कोंबल्याचं स्पष्ट आठवतं. अंगठ्याने कड आत ढकलली तेही आठवतं. काढल्याचं काही नाही. कपाट पाहिलं. अर्धी बनियन कपाटात आहे. दुसरी अर्धी कुठेच नाही. धुण्यात नाही, कचऱ्यात नाही, गॅरेजमध्ये जमिनीवर नाही.

यंत्र फिरलं की ओढणार. चिंध्या होऊन इंजिनात जाणार. त्याच्या इतक्या दिवसांच्या मेहनतीचा माझ्या बनियनने सत्यानाश!

१९ मार्च

सकाळी सांगायला गेलो. "जावईबापू—" म्हटलं. तो बूट घालत होता. "काय, बाबा?" मी म्हणालो, "डबा घ्या."

२१ मार्च

परत गॅरेजमध्ये गेलो. नळीवर हात फिरवला, आजाऱ्याच्या पोटावर फिरवतात तसा. बाहेरून काय कळणार? नळीच्या तोंडावरच्या लोखंडी पट्ट्या पक्क्या आवळल्यात. माझ्या बोटांनी सुटत नाहीत.

उद्या रविवार.

२२ मार्च



जावई गाडीत बसला. शेजारीणही कुंपणाशी येऊन उभी. त्याने किल्ली लावली आणि मी गाडीसमोर जाऊन दोन्ही हात पसरले. "थांबा! सुरू करू नका!"

तो उतरला. "बाबा, काय झालं?"

"नळीत माझी बनियन आहे."

शेजारीण फिस्सकन हसली. हसू दे. मी सगळं सांगितलं. उंदीर, पाल, मालक, सगळं. खाली बघून सांगितलं. कधी ओरडतो याची वाट बघत होतो.

त्याने पँटच्या मागच्या खिशातून एक काळं, तेलकट फडकं काढलं. माझी बनियन!

"त्याच संध्याकाळी काढली होती," म्हणाला. "तेव्हापासून हात पुसतोय."

"मग बोलला का नाहीत?"

"त्यात काय बोलायचं? तुम्ही उघडं तोंड दिसलं की बोळा कोंबता, ते ती सांगायची ना. लहानपणी तिच्या पिपाणीतसुद्धा कोंबला होतात म्हणे."

खरं आहे! कोंबला होता! पिपाणी उघड्यावर पडली होती.

भिंगरी गेल्यापासून पहिल्यांदा त्याने तिचं काही सांगितलं. आम्ही दोघं हसलो. मग एकदमच थांबलो.

गाडी सुरू झाली. आधीचा आवाज, आणि त्यावर एक बारीक शिट्टी, किटली उकळायच्या आधी होते तशी. फुटलं काही नाही.

२३ मार्च

तो कामावरून आल्यावर आम्ही बाजारात गेलो, गाडीने. मी मागे बसलो. मागेच बसतो. पुढची सीट तिची. तिचं पाठीला लावायचं छोटं उशीसारखं काहीतरी तिथेच आहे. तो काढत नाही, मी विचारत नाही. त्यामुळे मी मागे, भाड्याच्या गाडीतल्या गिऱ्हाइकासारखा. त्याची मान तेवढी दिसते.

सिग्नल सुटला आणि पाठ सीटला चिकटली. कांदे पिशवीतून निघून गाडीभर. "लागलं का, बाबा?" "नाही, नाही." लागलं होतं.

२४ मार्च

संध्याकाळी गाडी घेऊन एकटाच गेला. उशिरा आला. चेहरा लाल, डोळे चमकत होते. "बाबा, तिसऱ्या गिअरमध्ये चढली! एकदाही रडली नाही!"

"कुठे?"

"इस्पितळाच्या चढावर."

मी ताट वाढत होतो. तसाच उभा राहिलो.

मग तो बोलत सुटला. इतक्या महिन्यांचं एकदम. भिंगरी गेली त्या दिवशी अॅम्ब्युलन्स येईना म्हणून आपण तिला याच गाडीतून नेलं. चढावर गाडीला दम नव्हता. पहिल्या गिअरमध्येही कण्हत होती. मागून लोक हॉर्न देत होते. आणि वर पोचल्यावर डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. "थोडा जोर असता ना, बाबा. थोडाच."

हे डॉक्टरांचं मी ऐकलेलंच नाही. मी बाहेर उभा होतो, तिच्या चपला हातात घेऊन. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघं कधी बोललोच नाही. तो समजला मला माहीत आहे. मी समजलो त्याला माहीत आहे.

म्हणून हे यंत्र! मी काय काय समजून बसलो होतो.

पण तो चढ... त्या चढाचा काही दोष नव्हता. मला माहीत आहे. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

२६ मार्च

आज पुन्हा चढावर गेला. कालही. "आज अजून लवकर चढली."

कोणासाठी लवकर?

२८ मार्च

टायरचा वास येतोय गॅरेजमध्ये. उजव्या दाराला एक ओरखडा. विचारलं तर म्हणाला, "वळणावर जरा कठड्याला लागली." जरा!

तो संध्याकाळी बाहेर पडला की मी खिडकीशी. शिट्टी ऐकू आली की जीव भांड्यात पडतो. एक दिवस ऐकू येणार नाही.

३० मार्च

सांगायला हवं. पण सांगितलं म्हणजे त्याची सगळी मेहनत फुकट, असं मीच त्याच्या तोंडावर म्हटल्यासारखं होईल. राग आला तर? "इतके दिवस का नाही बोललात" म्हणाला तर? माझ्यापाशी उत्तर आहे, पण ते उत्तरासारखं नाही. विचारलं नव्हतं. आणि मला वाटलं, गाडी चालवणाऱ्या माणसाला मान वळवायचीही गरज नसते, त्याला कळतं.

नाही सांगितलं तर तो रोज तिला घेऊन तो चढ चढत राहणार. आणि ती रोज उशिरा पोचणार.

भिंगरी म्हणायची, बाबा, काळजी लिहून काढा म्हणजे कमी होते. पानं भरली. कमी होत नाही.

१ एप्रिल

बूट घालून दारात बसून राहिलो. तो कामावरून आला, चहा घेतला, किल्ली उचलली. मी म्हटलं, "मी पण येतो."

"कशाला, बाबा? वेगात चालवतो मी. तुम्हाला सोसणार नाही."

"येतो म्हटलं ना!" आवाज चढला माझा. इतक्या वर्षांत जावयासमोर पहिल्यांदा.

तो बघतच राहिला. म्हणाला, "आज नको. उद्या जाऊ."

आज गेला नाही. दोघं समोरासमोर बसून जेवलो.

२ एप्रिल

चढ लागायच्या आधी पूल आहे, तिथे मी म्हणालो, गाडी बाजूला घ्या. घेतली. मी मागूनच सांगितलं, त्याच्या मानेकडे बघून, की भिंगरीने माझा अंगठा घट्ट धरून ठेवला होता, आणि तो इथे सुटला. इथेच, पुलावर, चढाच्या आधी. चढताना ती नव्हतीच. इंजिन चालूच होतं, शिट्टी वाजत होती. त्याने डोकं स्टिअरिंगवर टेकवलं. मग शेजारच्या सीटवरची तिची उशी उचलून मांडीवर घेतली आणि म्हणाला, "बाबा, पुढे या."